नळीच्या टोकाची लोटी

३, सोमवार

आज सकाळी अंघोळ झाल्यावर देवापुढे दिवा लावला, आणि मग खालच्या खोलीत जाऊन समुद्र बनवला. असं लिहिलेलं वाचून माझं मलाच हसू येतं. पन्नाशीला आलो, पण समुद्र अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. गावच्या शाळेत नकाशात निळ्या खडूने रंगवला होता, तेवढीच ओळख.

गोदाम बंद झाल्यापासून घरात बसून होतो. हिचा धाकटा भाऊ माशांच्या दुकानात कामाला आहे. त्यानेच हे डोक्यात भरवलं. लोक घरात काचेच्या टाकीत समुद्राचे मासे पाळतात. त्या टाकीतलं थोडं पाणी दर आठवड्याला काढून नवं खारं पाणी घालावं लागतं. हौस सगळ्यांना असते, पण पाणी तयार करून ठेवणं, कॅन उचलणं, जिने चढणं कुणाला नको असतं. मेहुणा म्हणाला, दाजी, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्याची खोकी उचललीत, आता स्वतःचं पाणी उचला.

काम शिकून घेतलं आहे. गाळण यंत्रातून आलेलं शुद्ध पाणी निळ्या ड्रममध्ये साठवायचं. त्यात पिशवीतलं समुद्री मीठ थोडं थोडं सोडायचं. मिठावर पाणी ओतायचं नाही, पाण्यात मीठ घालायचं, नाहीतर सगळं दुधासारखं फुटून बसतं. मग तळाशी छोटा पंप सोडून दुसऱ्या दिवसापर्यंत ते फिरत ठेवायचं. शेवटी एक थेंब काचेवर घेऊन खारेपणा मोजायच्या नळकांड्यातून उजेडाकडे पाहायचं. आत निळं आणि पांढरं जिथे भेटतं तिथे पस्तीस दिसले, की पाणी समुद्राइतकं खारट झालं.

अडलं ते पंपापाशी. नळी ताठ आहे, ती पंपाला वर उचलते, आणि पंप ड्रमच्या गोल अंगाला चिकटून राहत नाही. मेहुण्याला फोन करून विचारलं, दगड बांधू का? तो नको म्हणाला, कुठला दगड पाण्यात काय सोडेल सांगता येत नाही. मग लोखंडाचा नट? तर ते चुकूनसुद्धा नको, गंजेल. तेवढ्यात त्याच्याकडे गिऱ्हाईक आलं आणि फोन बंद झाला.

तेव्हा मला आईची लोटी आठवली. तांब्याची, बुटकी, अरुंद गळ्याची. गावी विहिरीवर आई पोहऱ्याने पाणी काढायची आणि पहिली लोटी देवासाठी भरून बाजूला ठेवायची. तांबं गंजत नाही. शिवाय त्याच्याइतकं शुद्ध दुसरं काय? गळ्याला दोरी बांधून लोटी नळीच्या टोकाला अडकवली, ती पंपाला घेऊन थेट तळाशी जाऊन बसली. पाणी गरगर फिरू लागलं. नव्या कामाला आईचा हात लागला असं वाटलं, आणि उगाच डोळे भरून आले.

ही चहा घेऊन खाली आली होती. ड्रममध्ये डोकावून म्हणाली, "तांब्यात आंबट-खारट ठेवत नाहीत. कळकतं."

मी म्हटलं, अगं, हे कुणी पिणार आहे का?

"माशांना विचारलंत?" म्हणाली, आणि कपबशी ठेवून वर गेली. हिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी बोलल्याशिवाय चैन पडत नाही.

५, बुधवार

आज पहिली दोन घरं झाली.

आधी दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना. बसायच्या खोलीत टाकी आहे, आत नुसते मासे, पिवळे आणि निळे. दाढ धरून बसलेली माणसं त्यांच्याकडे टक लावून बघतात. बाहेरच्या टेबलावरची मुलगी मला समुद्रवाले म्हणाली. तिथे काम अर्ध्या तासात आटोपलं.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. तिथली टाकी मात्र पाहत राहावी अशी. काकूंचे यजमान शाळेत रसायन शिकवायचे. त्यांना सगळे सर म्हणतात, काकूही माझ्याशी बोलताना सरच म्हणतात. त्यांनी निवृत्तीनंतर ही टाकी स्वतःच्या हातांनी उभी केली. गेल्या वर्षी झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. आता पलंग टाकीला लावून ठेवला आहे. डावा हात तेवढा हलतो. घशातून एक आवाज येतो, पण शब्द होत नाही.

टाकीत फुलांसारखी मऊ प्रवाळं आहेत, वाऱ्यावर डोलावीत तशी डोलतात. एक मोठं समुद्रफूल आहे, त्याच्या पाकळ्यांत नारंगी माशांची जोडी राहते. बारीक शंख काच चाटत फिरतात. आणि एक कोळंबी आहे, तांबडी, पाठीवर पांढरा पट्टा, लांब मिशा. मालीश झाल्यावर काकू सरांचा डावा हात उचलून बोटं पाण्यात बुडवतात. कोळंबी दगडाआडून येते, बोटावर चढते आणि नखं साफ करू लागते. सरांच्या तोंडाची एकच बाजू हसते. काकू म्हणाल्या, दिवसभरातलं त्यांचं हे एवढंच.

जुनं पाणी नळीने खाली काढलं. आणलेले कॅन रुंद बादलीत ओतले, लोटीसकट पंप आत सोडला आणि नवं पाणी हळूहळू टाकीत चढवलं. परत निघताना पंप बाहेर काढला, तेव्हा सरांनी बोट उचललं आणि माझ्याकडे धरलं. घशातून आवाज केला. काकू म्हणाल्या, नवा माणूस दिसला की असंच करतात, मनावर घेऊ नका भाऊ.

गावच्या शाळेत गुरुजींनी बोट उचललं की आम्ही उभे राहायचो. मी तसा उभाच होतो, पण आणखी सरळ झालो.

११, मंगळवार

नव्या पाण्याचा ड्रम लावला. लोटी काढून घासली. गळ्याशी दोरीखाली हिरवी रेघ धरते, ती पुसली की आतून अशी तांबूस उजळते की जणू कालच घडवून आणली आहे. गावी आई राखेने घासघासून थकायची तरी इतकी उजळायची नाही. मिठाचाच गुण म्हणायचा.

एकट्याने काम करताना नामस्मरण आपोआप होतं. पंपाच्या घरघरीला एक लय आहे.

१२, बुधवार

काकूंकडे दोन शंख तळाशी उलटे पडले होते. काकू म्हणाल्या, म्हातारे झाले असतील. मी सरळ करून ठेवले, पुन्हा पडले. कोळंबी दगडाआडून बाहेर आली नाही. सरांचं बोट पाण्यात बराच वेळ तसंच राहिलं, शेवटी काकूंनी ते पुसून चादरीवर ठेवलं.

पाणी भरून झालं तेव्हा सरांनी पुन्हा हात उचलला. आज आवाज मोठा होता. मानेच्या शिरा दिसत होत्या. काकू त्यांना थोपटत मला म्हणाल्या, तुम्हाला आशीर्वाद देतायत बहुतेक, किती जड कॅन चढवता. मी वाकून नमस्कार केला. त्यावर त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

मला ते बरं वाटलं, असं लिहून ठेवतो. पण जिना उतरताना त्यांचे ते मिटलेले डोळे मनातून जाईनात.

१३, गुरुवार

कोळंबी गेली.

काकूंचा सकाळीच फोन आला. मी कॅन न घेता तसाच गेलो. एका बशीत कागदावर ठेवली होती. रंग उतरून उकडल्यासारखी झालेली. सर भिंतीकडे तोंड करून पडले होते. काकू हळू आवाजात बोलत होत्या, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तशा.

त्यांनी विचारलं, पाण्याचं काही असेल का हो? मी तिथूनच डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. तेच पाणी, त्याच ड्रममधलं, त्याच दिवशी दिलेलं. तिथले मासे खुशाल होते. मुलगी म्हणाली, जास्तच उड्या मारतायत. मग मेहुण्याला विचारलं. तो म्हणाला, दाजी, पाणी एकच आणि एका घरात सगळं ठीक, म्हणजे दोष दुसऱ्या घरात आहे. साबण, अत्तर, मलम, हातावरून काहीतरी टाकीत जात असेल.

मी टाकीशेजारी तेलाची बाटली पाहिली. काकू रोज सरांच्या हाताला ज्या तेलाने मालीश करतात ती. मी ते बोलून दाखवलं. म्हटलं, काकू, तेल तर नसेल?

त्या बाटलीकडे बघत राहिल्या. मग स्वतःच्या हातांकडे. नंतर एवढंच म्हणाल्या, "मीच त्यांचा हात बुडवत होते की हो."

मी म्हणालो, नक्की सांगता येत नाही. पण खरं सांगायचं तर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. माझं पाणी चांगलं होतं. घरी येईपर्यंत मी देवाचे आभार मानत होतो.

१५, शनिवार

प्रवाळं मिटली आहेत. काकूंनी फोनवर सांगितलं, मुठी आवळल्यासारखी. मेहुण्याचं म्हणणं, अशा वेळी एकच इलाज, चांगलं पाणी, भरपूर पाणी. जुनं काढा, नवं घाला, आत जे काही गेलं असेल ते पातळ होत जाईल.

म्हणून यावेळी मोठा ड्रम लावला आहे. घाई करणार नाही. नेहमी एक दिवस फिरवतो, हे दोन दिवस फिरवणार, म्हणजे मीठ नीट मुरेल. आज देवापुढे जास्त वेळ बसलो. त्या घरातलं जे उरलंय ते माझ्या हातून वाचू दे, एवढंच मागितलं. मग खाली येऊन लोटी कपाळाला लावली आणि पाण्यात सोडली.

१७, सोमवार



कॅन चढवून वर गेलो. काकूंनी रबरी हातमोजे घातले होते. मला वाटलं टाकीसाठी. पण त्या मोज्यांनीच सरांना भरवत होत्या, तोंड पुसत होत्या. मालीश बंद केली आहे म्हणाल्या. हात पाण्यात बुडवणंही बंद. सर त्यांच्याकडे बघत नाहीत. त्या समोर गेल्या की आवाज करतात, बोट उगारतात, टाकीकडे दाखवतात. काकू म्हणाल्या, "बोलता येत नाही म्हणून. नाहीतर म्हणाले असते, तूच मारलंस."

मी कामाला लागलो. नेहमीपेक्षा दुप्पट पाणी काढलं, दुप्पट घातलं. बादली यावेळी पलंगाजवळ ठेवली होती, कारण दुसरीकडे जागा नव्हती. पाणी संपल्यावर पंप वर ओढला. लोटी दोरीला हेलकावत बाहेर आली, आणि सरांनी ती पकडली.

इतकी ताकद त्या हातात असेल असं वाटलं नव्हतं. दोरी आणि लोटीचा गळा दोन्ही मुठीत. मला वाटलं तहान लागली असेल. फुलपात्रात पाणी आणवून त्यांच्या ओठांना लावलं, त्यांनी मान झटकली, पाणी उशीवर सांडलं. काकू मोजे घातलेल्या हातांनी त्यांचं मनगट धरून विनवत होत्या, अहो, सोडा, त्यांच्या आईची आहे ती. मी कधीतरी त्यांना तसं सांगितलं होतं.

ते सोडेनात. मग मी त्यांची बोटं सोडवली. एकेक करून, करंगळीपासून. जोर लावावा लागला. शेवटचं बोट सुटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी मान खाली घालून दोरी गुंडाळू लागलो.

काकू दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, डोक्यावरही परिणाम व्हायला लागला वाटतं.

घरी आल्यावर हिला सांगितलं. हिने विचारलं, लोटीच का धरली त्यांनी? मी म्हटलं, हाताला लागली म्हणून.

१८, मंगळवार

समुद्रफूल आक्रसलं आहे. काकूंनी सांगितलं, मधोमध भोक पडल्यासारखं उघडं दिसतं आणि नारंगी जोडी बाहेर काचेशी येऊन थांबली आहे, घरात जायला भीत असल्यासारखी. गुरुवारी आणखी पाणी आणता का, असं विचारलं. आवाज अगदी पडलेला. आणतो म्हटलं. ड्रम लगेच लावला.



२०, गुरुवार

कॅन भरायला घेतले होते. मेहुणा मिठाची नवी पिशवी खांद्यावर घेऊन आला. या खोलीत तो आज पहिल्यांदाच आला, एरवी दुकानातूनच फोनवर सगळं. पिशवी टेकवली, काम नीट चाललंय ना म्हणून ड्रममध्ये वाकून पाहिलं, आणि तसाच वाकलेला राहिला.

"दाजी, तळाशी काय आहे?"

मी सांगितलं. लोटी, वजनासाठी. गंजत नाही.

त्याने बाही वर केली, दोरी धरून लोटी वर काढली आणि जमिनीवर ठेवली. पंप बंद केला. मग माझ्याकडे न बघता बोलू लागला. दुकानात माशांच्या अंगावर ठिपके पडले की जे औषध घालतात, ते तांब्याचंच असतं. मासा थोडं सोसतो. कोळंबी, शंख, प्रवाळ, समुद्रफूल यांना ते विष. म्हणून औषधाच्या टाकीतली जाळीसुद्धा ते दुसऱ्या टाकीत बुडवत नाहीत. खारं पाणी तांबं खातं, आणि लोटी इथे दिवसच्या दिवस पाण्यात फिरत होती.

"तू सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"दाजी, समुद्रात तांब्याची लोटी कोण सोडतं? मला सुचेल तरी कसं?"

त्याचंही खरं होतं. डॉक्टरांकडे नुसते मासे आहेत. म्हणून तिथे सगळं खुशाल.

मी ड्रमवर हात टेकून उभा होतो. पाणी इतकं निर्मळ दिसत होतं की तळाची खूण स्पष्ट वाचता येत होती. जितकं जास्त आजारी पडत गेलं तितकं मी जास्त पाणी नेत गेलो. दोन दिवस मुरवून नेलं. कपाळाला लावून नेलं.

मेहुणा म्हणाला, आता जे झालं ते झालं. मीठच खराब निघालं असं सांगू, पिशवी माझ्या दुकानाची होती, मी बघून घेतो. नाहीतरी त्या बाईंना तेलच वाटतंय, उगाच कशाला उकरायचं? माझ्या भल्यासाठीच बोलत होता. बहिणीचं घर उभं राहावं म्हणून.

ही जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. सगळं ऐकलं असावं. ‘तूच तेव्हा सांगितलं होतंस’ असं मी म्हणेन, अशी तिची अपेक्षा असेल. मी म्हटलंही. ती खाली आली, लोटी उचलली, पदराने पुसली आणि म्हणाली, "मी आपलं भांडं खराब होईल म्हणून बोलले होते. मासे मरतील हे मला तरी कुठे ठाऊक होतं?"

काकूंना फोन केला. यंत्र बिघडलं, आज पाणी येत नाही म्हणालो. खोटं बोललो. काकू म्हणाल्या, बरं, तुम्ही दमला असाल, विश्रांती घ्या.

सगळा ड्रम मोरीत सोडून दिला. बराच वेळ लागला. शेजारी बसून होतो.

२१, शुक्रवार

डॉक्टरांना सांगून टाकलं. ते सोपं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, टाकीत कोळंबी आणायचा विचार होता तो बरा राहिला म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यापासून दुसरी व्यवस्था बघतो असंही म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

काकूंकडे गेलो नाही. खाली रस्त्यापर्यंत जाऊन आलो. तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडी होती आणि कठड्यावर रबरी मोजे वाळत घातले होते.

मनात काय काय येतं ते खरं लिहितो. एक मन म्हणतं, आता नवं पाणी चांगलंच जाणार आहे, टाकी सुधारली की आपोआप सगळं विसरलं जाईल, सांगून कुणाचं भलं होणार? कोळंबी काही परत येत नाही. दुसरं मन एकच गोष्ट दाखवतं, ती मूठ. सरांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. आयुष्यभर मुलांना रसायन शिकवलेला माणूस, त्यांच्या डोळ्यांसमोर मी तांबं बुडवत होतो. त्यांनी बोट दाखवलं, त्याला आम्ही आशीर्वाद म्हटलं. ते ओरडले, त्याला काकूंवरचा राग म्हटलं. शेवटी हातात धरून ठेवलं, तर मी बोटं सोडवली.

आणि काकू मोज्यांनी भरवतात.

देवापुढे बसलो, पण काही मागवेना. आजवर ज्या गोष्टी मागत आलो त्यांत ही गोष्ट बसत नव्हती.

मेहुणा कामावरून येताना तांबं शोषून घेणारी औषधाची पुडी देऊन गेला. टाकीच्या गाळणीत ठेवायची म्हणाला. नवा ड्रम आणि नवी नळीही घेऊन आला होता. जुन्या प्लास्टिकमध्ये तांबं उतरलं असेल तर, एवढंच म्हणाला. नळीच्या टोकाला त्याने प्लास्टिकचा सरळ, आखूड पाइप बसवला. पंप मुकाट्याने तळाशी बसला. वजन लागतच नाही. इतकं साधं होतं.

२२, शनिवार

नवं पाणी सकाळी तपासलं. पस्तीस. ऊबही बरोबर. लोटी कापडी पिशवीत घातली आणि कॅन घेऊन निघालो.

काकूंनी दार उघडलं. मोजे घातलेलेच होते. म्हणाल्या, आलात, बरं झालं. मी कॅन दारातच ठेवले, आत गेलो आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलो, दोघांनाही दिसेन असा. पिशवीतून लोटी काढून सरांच्या चादरीवर, डाव्या हाताजवळ ठेवली.

म्हटलं, "काकू, तुमचं तेल नव्हतं. माझी लोटी होती. पाण्यात तांबं उतरत होतं. सर पहिल्या दिवसापासून मला दाखवत होते. तुम्हाला नाही, मला."

पुढचं सगळं सांगितलं, ड्रम, दोन दिवस मुरवलेलं पाणी, मेहुण्याने काय पाहिलं ते. परवा यंत्र बिघडलं नव्हतं, हेही सांगितलं. तेलाचं मीच काढलं होतं, तेही कबूल केलं.

काकू खुर्चीवर बसल्या. एक मोजा ओढून काढला, मग दुसरा.

"मी त्यांना हात लावायला भीत होते, भाऊ."

एवढंच म्हणाल्या. रागाने बोलल्या नाहीत, आणि माझ्याकडे बघूनही बोलल्या नाहीत. मग उठून पलंगावर बसल्या आणि उघड्या हाताने सरांचा हात धरला. त्यांना काहीतरी विचारू लागल्या, पण ते मला ऐकू येऊ नये असं हळू होतं. मी टाकीकडे तोंड फिरवलं. नारंगी जोडी काचेशी होती. समुद्रफूल आक्रसलेलंच, पण दगड धरून होतं. प्रवाळांतली दोन पार पांढरी पडलेली, बाकीची मिटलेली.

बऱ्याच वेळाने सरांचा आवाज आला. वळून पाहिलं. त्यांनी बोट उचललं होतं, माझ्याकडे. मी सरळ उभा राहिलो, शाळेत राहायचो तसा, आणि या वेळी नमस्कार केला नाही. चुकलो सर, म्हणालो. त्यांनी बोट खाली आणलं आणि लोटीला टेकवलं. मग हाताच्या मागच्या बाजूने लोटी हळूच ढकलली, माझ्या दिशेने. मी ती उचलून पिशवीत ठेवली.

काकूंना विचारलं, पाणी आणलंय, नवं आहे, पण तुम्ही नको म्हणालात तर परत नेतो. दुसऱ्या कुणाकडून घ्यायचं असेल तर मेहुणा सांगेल. काकू म्हणाल्या, मला काय विचारता, टाकी त्यांची आहे.

तेव्हा मी कॅन आत आणले. बादली पलंगाजवळ ओढली. सगळं आधी त्यांना दाखवायचं, हे येतानाच ठरवलं होतं. बादली आतून पुसलेली दाखवली. पंप उलटा करून दाखवला. नळी सगळी त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकवली, टोकाच्या प्लास्टिकच्या पाइपापर्यंत. त्यांनी हात पुढे केला तेव्हा पाइप त्यांच्या हातात दिला, त्यांनी नखाने टोकरून पाहिला. औषधाची पुडी दाखवली, त्यावरची बारीक अक्षरं काकूंनी चष्मा लावून वाचून दाखवली. पाण्याचा थेंब काचेवर घेतला आणि नळकांडं त्यांच्या डोळ्याला लावून खिडकीकडे धरलं. ते खूप वेळ बघत राहिले. माझा हात भरून आला तरी हलवला नाही.

मग त्यांनी मान हलवली, एकदाच.

मी नळी टाकीत सोडली आणि पाणी सुरू केलं.